स्वस्तातली शिस्त

२००२ हे वर्ष दक्षिण कोरियात आठवले जाते ते फुटबॉलच्या विश्वचषकामुळे. जपानच्या जोडीने मिळालेले यजमानपद, थेट उपांत्य फेरीपर्यंतची मजल आणि सोलच्या चौकाचौकांत लोटलेली लाल सदऱ्यांची गर्दी. त्याच वर्षी तिथल्या शिक्षण मंत्रालयाने शाळांसाठी एक नमुना नियमावली काढली होती. विद्यार्थ्याला मारायचेच झाले, तर कसे मारावे, हा तिचा एक विषय होता. हायस्कूलसाठी छडीची जाडी साधारण दीड सेंटिमीटर असावी, लांबी ६० सेंटिमीटरच्या वर जाऊ नये, एका वेळी दहापेक्षा जास्त फटके मारू नयेत. मुलांना नितंबांवर मारावे, मुलींना मांडीवर. इतर विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत मारू नये, तिसरी व्यक्ती हजर असावी, मुलाची तब्येत आधी पाहावी आणि ती बरी नसेल तर शिक्षा पुढे ढकलावी. दुसरी शिक्षा द्या, असे म्हणण्याची सोयही विद्यार्थ्याला ठेवलेली होती. कारकुनी काटेकोरपणाचा हा नमुना वाचताना आधी हसू येते. पण सरकार एखाद्या गोष्टीची जाडी-लांबी कागदावर केव्हा उतरवते, याचा विचार केला तर हसू ओसरते. ती गोष्ट काढून टाकायची तयारी नसते आणि ती असल्याची लाजही वाटू लागलेली असते, तेव्हा मोजमापे ठरतात. कोरियन शाळेतली छडी २००२ साली नेमकी या अवस्थेत होती, आणि पुढच्या नऊ वर्षांत ती कायद्याने गेली.

या छडीविषयी दोन ठरीव मते ऐकू येतात. पहिले असे की ती कन्फ्यूशियसच्या संस्कृतीतून आली, गुरू म्हणजे पित्यासमान आणि पित्याला मारायचा हक्क. दुसरे मत शिक्षकांच्या क्रौर्याकडे बोट दाखवते. दोन्ही मतांना थोडाफार आधार आहे, पण दोन्हींतून मुख्य गोष्ट निसटते. विसाव्या शतकातली कोरियन शाळा ज्या परिस्थितीत उभी राहिली, तीत छडी ही शाळा चालवण्याची सर्वांत स्वस्त सामग्री होती. पुरेसे शिक्षक, लहान वर्ग, समुपदेशक, मागे पडलेल्या मुलासाठी वेगळा तास या सगळ्याला पैसा लागतो. छडीला लागत नाही. राज्याने शाळा दिली, अभ्यासक्रम दिला, परीक्षा दिली आणि या सगळ्यांमधली जी पोकळी उरली ती बुजवायला शिक्षकाच्या हाती छडी राहू दिली. हे एकदा ध्यानात घेतले, की ती इतकी वर्षे का टिकली, इतक्या झपाट्याने का गेली आणि ती गेल्यावर शिक्षकच रस्त्यावर का आले, हे तिन्ही प्रश्न एका धाग्यात येतात.

आधी परंपरेचा दावा तपासू. तो मांडणारे हमखास एका चित्राचा दाखला देतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात किम होंग-दो या चित्रकाराने गावातल्या 'सोदांग' म्हणजे पारंपरिक पाठशाळेचे एक चित्र काढले. ते आज कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि शालेय पुस्तकांमुळे तिथल्या प्रत्येकाला परिचयाचे आहे. मधोमध एक पोरगा पाठमोरा बसून डोळे पुसतो आहे, पंतोजींच्या मेजाजवळ बारीक छडी दिसते, भोवतीची मुले तोंड दाबून हसताहेत. सोदांगमध्ये पोटऱ्यांवर छडी मारण्याची रीत होती, हे खरेच. पण त्याच चित्रात आणखीही काही दिसते. मुले जेमतेम आठ-नऊ आहेत. लहानमोठ्या वयाची ही पोरे एकाच खोलीत बसून आपापला पाठ घोकताहेत. पंतोजींचा चेहराही कष्टी झालेला आहे. असा गुरू गावाच्या आश्रयावर जगे, प्रत्येक मुलाचे घर त्याला ठाऊक असे आणि मुलाच्या बापाला रोज तोंड द्यावे लागे. त्याच्या छडीला मर्यादा होती ती या ओळखीची. पुढच्या काळात साठ-सत्तर अनोळखी मुलांच्या वर्गात फिरलेल्या छडीला सोदांगच्या छडीची वारस ठरवायचे असेल, तर हा सगळा संदर्भ आधी गाळावा लागतो.

शिवाय परंपरा म्हटली की तिचा एकच आवाज ऐकायचा, हा हट्ट का? एकोणिसाव्या शतकात कोरियात तोंगहाक नावाचा धर्मपंथ उभा राहिला. प्रत्येक माणसात देव वसतो, ही त्याची मूळ शिकवण. या पंथाचा दुसरा प्रमुख छ्वे शी-ह्योंग आयुष्याचा मोठा भाग लपतछपत फिरला आणि १८९८ मध्ये फाशी गेला. मुलांना मारू नका, मुलाला मारणे म्हणजे त्याच्यातल्या देवाला मारणे आहे, असे तो आपल्या अनुयायांना सांगत असे. तेही घरातल्या बायाबापड्यांना उद्देशून लिहिलेल्या साध्या उपदेशात. याच पंथाच्या पुढच्या पिढीत पांग जोंग-ह्वान झाला. त्याने १९२३ साली मुलांसाठी 'ओरिनी' हे मासिक काढले. कोरियातल्या बालदिनाची चळवळ उभारणाऱ्यांत तो अग्रणी होता. त्या चळवळीने १९२३ मध्ये वाटलेल्या पत्रकात मोठ्यांना विनंती होती की मुलांशी आदरार्थी बोला आणि मऊपणाने बोला. कोरियन भाषेत वयाने लहान असलेल्याशी आदरार्थी बोलायचे म्हणजे समाजाची सगळी उतरंड उलटी करणे होते. तेव्हा मारू नये हा विचार पश्चिमेकडून किंवा संयुक्त राष्ट्रांच्या ठरावातून आला, असे म्हणणाऱ्यांना स्वतःच्या देशाचा इतिहास अर्धाच ठाऊक आहे. परंपरेत छडी होती आणि छडीचा निषेधही होता. विसाव्या शतकाने त्यातली कोणती बाजू उचलली आणि का उचलली, हे पाहायला हवे.

१९१० मध्ये कोरिया जपानची वसाहत झाला. पहिल्या दशकातला कारभार उघडउघड लष्करी होता. शाळेतले शिक्षक गणवेश घालून, कमरेला तलवार लटकवून वर्गात येत. १९१२ च्या एका हुकुमाने फटक्यांची शिक्षा फक्त कोरियन लोकांसाठी कायद्यात ठेवली गेली. १९१९ च्या स्वातंत्र्य आंदोलनानंतर तलवारी गेल्या आणि १९२० मध्ये तो हुकूमही मागे घेतला गेला. यावरून छडीचे सगळे खापर जपानवर फोडण्याची सवय कोरियात पुष्कळांना आहे. ते पुरेसे नाही, कारण जपानच्या स्वतःच्या शिक्षणविषयक हुकुमाने १८७९ मध्येच शाळेतला मार निषिद्ध केला होता. कायद्यात एक आणि वर्गात दुसरे, ही गोष्ट तेव्हापासूनची. शिवाय वसाहत १९४५ ला संपली, आणि छडीचा खरा सुकाळ आला तो त्यानंतर. १९४९ च्या शिक्षण कायद्याने शैक्षणिक गरजेनुसार विद्यार्थ्याला शिक्षा करण्याचा अधिकार शाळाप्रमुखाला दिला. शिक्षा म्हणजे काय, ती कोणी आणि किती करायची, यावर कायदा गप्प राहिला. ही मोघम तरतूद जवळपास अर्धशतक चालली.

या अर्धशतकात काय घडत होते, ते आकड्यांवरून कळते. १९५० ते १९५३ च्या युद्धात शाळांच्या इमारती बेचिराख झाल्या. त्याच सुमारास प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि मुलांची संख्या भराभर वाढत गेली. १९७० साली दक्षिण कोरियात दहा लाखांच्या आसपास मुले जन्मली. १९६० च्या दशकात सोलमधल्या शाळा दोन-दोन, तीन-तीन पाळ्यांत भरत. एका वर्गात साठ मुले ही सरासरी होती, आणि शहरी शाळांत आकडा त्याच्या कितीतरी वर जाई. लोक अशा वर्गांना कडधान्याच्या मोडांची उपमा देत, कारण मोड भांड्यात दाटीवाटीने उभे असतात. पुढे धोरणेही अशी आली की गर्दीत भरच पडली. माध्यमिक शाळेची जीवघेणी प्रवेश परीक्षा १९६९ पासून सोलमध्ये रद्द झाली. १९७४ पासून सोल आणि बुसानमध्ये हायस्कूलचे प्रवेशही शाळांच्या स्वतंत्र परीक्षांऐवजी सोडतीने होऊ लागले. दोन्ही सुधारणा न्याय्य होत्या. पण त्यांचा परिणाम असा, की हुशार, मध्यम आणि अक्षरही धड न वाचणारी मुले एकाच वर्गात आली आणि त्या वर्गाचा आकार मात्र साठच राहिला. एका शिक्षकाने एवढ्या मुलांना एका गतीने, एका पुस्तकातून, एका परीक्षेपर्यंत न्यायचे होते. प्रत्येकाला काय कळले नाही हे विचारायला त्याला वेळ नव्हता. छडी फिरवायला मात्र दोन मिनिटे पुरत.

बरे, ही छडी फिरवायची पद्धतही शिक्षकाला शोधावी लागली नाही. ती बराकीत तयार होती. कोरियन पुरुषाला सक्तीची लष्करी सेवा चुकत नाही, त्यामुळे बहुतेक पुरुष शिक्षक ती करून आलेले असत. १९६८ मध्ये उत्तर कोरियाच्या कमांडोंनी राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या निवासस्थानावर हल्ल्याचा प्रयत्न केला आणि त्यानंतर १९६९ पासून हायस्कूलमध्ये लष्करी कवायत हा विषयच आला. शाळेतल्या शिक्षांची यादी पाहिली तर तिचे मूळ लपत नाही. हातापायांवर ओणवे होऊन तसेच राहायचे, बदकासारखे बसून मैदानाला फेऱ्या मारायच्या, हात वर करून गुडघ्यांवर बसायचे. डोके जमिनीला टेकवून, हात पाठीमागे बांधून पाय ताठ ठेवायच्या एका शिक्षेला तर कोरियन युद्धातल्या वॉनसान बंदरावरच्या बॉम्बफेकीचे नाव होते. एकाने आगळीक केली की सगळ्या वर्गाला शिक्षा, ही चालही पलटणीतलीच. तीत शिक्षकाचे कष्ट वाचतात, कारण मग मुलेच एकमेकांवर पहारा ठेवतात. २००१ चा 'छिंगू' आणि २००४ चा 'मालजुकगोरी चानहोक्सा' या दोन गाजलेल्या चित्रपटांत सत्तरच्या दशकाअखेरीच्या आणि ऐंशीच्या दशकारंभीच्या शाळांतली मारहाण तपशिलात दाखवली आहे. प्रेक्षकांच्या एका अख्ख्या पिढीला ती ओळखीची वाटली.

तरीही यातले सर्वांत कोरियन म्हणावे असे अंग परीक्षेशी जोडलेले आहे. उद्धटपणा, मारामारी, चोरी यांसाठी मार जगभरच्या शाळांत होता. कोरियात चुकलेल्या उत्तरामागे एक फटका, ठरवून दिलेल्या गुणांपेक्षा जितके कमी तितके फटके, असा हिशेब सर्रास चाले. विद्यापीठ प्रवेश परीक्षेवर आयुष्याची दिशा ठरायची, पालकांचा जीव तिच्यात अडकलेला, आणि वर्गशिक्षकाची किंमत वर्गाच्या निकालावरून व्हायची. त्यामुळे फटका हा वर्तनाचा दंड न राहता अभ्यासाचे साधन बनला. पालकांची संमती इथून आली. मुलाला मारून का होईना पण माणूस करा, असे शिक्षकाला सांगणारे आईबाप मुलावर कमी प्रेम करत नव्हते. शेतकऱ्याच्या किंवा गिरणी कामगाराच्या मुलाला एका पिढीत कचेरीच्या खुर्चीत बसवणारा दुसरा रस्ता त्यांना दिसत नव्हता. खासगी शिकवणी परवडत नव्हती. शिक्षकाचा मार फुकट होता आणि तो आपल्या मुलाच्या बाजूने आहे, अशी त्यांची समजूत होती. 'प्रेमाची छडी' हा शब्दप्रयोग कोरियात इतका रुळला, त्याच्या मागे हा सौदा आहे.

इथे एक खणखणीत आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. छडी वाईट म्हणता, पण तिच्याच छायेत हा देश उपासमारीतून वर आला, साक्षर झाला आणि आंतरराष्ट्रीय चाचण्यांत अव्वल ठरला, त्याचे काय? पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' ही चाचणी २००० साली सुरू झाली आणि पहिल्याच फेरीत कोरिया विज्ञानात पहिला आला. तेव्हा छडी कायदेशीर होती. पण त्याच फेरीत वाचनात पहिला आला तो फिनलंड, जिथे शाळेतला मार १९१४ पासून बंद आहे. तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी असणे आणि एकीमुळे दुसरी होणे यात फरक करावा लागेल. बंदीनंतरचे आकडेही पाहावेत. गणितात कोरियाला २००९ मध्ये ५४६ गुण होते, २०१२ मध्ये ५५४. २०१५ ला ते ५२४ वर घसरले, आणि छडीच्या समर्थकांनी यावर बोट ठेवले तर ते अगदीच गैर नव्हे. मात्र घसरण पुढे गेली नाही. २०१८ ला ५२६, आणि करोनाच्या काळात विकसित देशांची सरासरी ४८९ वरून ४७२ वर कोसळली असताना २०२२ मध्ये कोरिया ५२७ वर उभा होता. या आकड्यांवरून बंदीने गुण वाढले असे मी म्हणणार नाही. छडीवाचून शिकणे कोलमडत नाही, एवढेच ते दाखवतात. आणि मार देऊन मूल सुधारते का, यावरचे सर्वांत मोठे संकलन २०१६ मध्ये गर्शॉफ आणि ग्रोगन-केलर या संशोधकांनी केले. ७५ अभ्यास आणि दीड लाखाहून अधिक मुले त्यात होती. अभ्यास मुख्यतः घरातल्या माराविषयीचे आहेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण मार जितका अधिक, तितकी मुलांची आक्रमकता आणि मानसिक तक्रारी अधिक, असाच कल त्यात आढळला.

छडी टिकली ती स्वस्त होती म्हणून, असे म्हटले. मग ती गेली का? कारण ती महाग होत गेली. १९७० मध्ये दहा लाख मुले जन्मली होती, २०१० मध्ये पावणेपाच लाखांच्याही खाली. घरात एक किंवा दोन मुले, आईबाप दोघेही पदवीधर, खासगी शिकवणीला पैसा आहे. अशा घराला शिक्षकाच्या माराची गरज उरत नाही आणि अपमान मात्र बोचतो. १९८७ नंतर लष्करी राजवट मागे पडली आणि हक्क हा शब्द रोजच्या वापरात आला. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या शिक्षक संघटनेने शाळेतल्या हुकूमशाहीवर आतून टीका सुरू केली. त्यापायी दीड हजाराच्या आसपास शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या आणि संघटनेला कायदेशीर मान्यता मिळायला १९९९ उजाडले. १९९१ मध्ये कोरियाने बालहक्क करारावर शिक्कामोर्तब केले आणि १९९६ पासून त्या कराराची समिती बंदीची शिफारस करत राहिली. मोबाइल फोन विद्यार्थ्यांच्या खिशात आले, आणि मारणाऱ्या शिक्षकाची तक्रार मुले थेट पोलिसांच्या ११२ क्रमांकावर करू लागली. पूर्वी भिंतीआड संपणारा फटका आता पोलिसांत जाऊ लागला, कोर्टात जाऊ लागला.

कायद्याने याला दिलेला प्रतिसाद अडखळता होता. १९९८ मध्ये लागू झालेल्या शालेय शिक्षण कायद्याच्या नियमांनी, शैक्षणिकदृष्ट्या अपरिहार्य प्रसंग वगळता, शारीरिक वेदना न देणाऱ्या मार्गांनीच शिस्त लावावी असे म्हटले. सगळे पाणी त्या 'वगळता'मध्ये मुरले. २००० साली संविधान न्यायालयाने अपरिहार्य प्रसंगी मार कायद्यात बसू शकतो, हे मान्य केले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका शिक्षकाची शिक्षा कायम करताना सीमारेषा आखली. दुसरा उपाय शक्य असताना मारणे, रागाच्या भरात मारणे, चारचौघांत अपमान होईल असे मारणे, धोका होईल अशा जागी किंवा वस्तूने मारणे, हे सगळे सीमेबाहेर. वाचायला हे सुज्ञ वाटते. पण साठ सेंटिमीटरच्या छडीच्या नियमावलीत जो दोष होता तोच यातही आहे. रागावलेला, थकलेला माणूस चाळीस मुलांसमोर उभा असताना हे निकष मनात तपासून, मग शांतपणे तिसऱ्या माणसाला बोलावून, वेगळ्या खोलीत मोजून फटके मारील, अशी यात अपेक्षा आहे. ज्याला इतकी शांतता, इतका वेळ आणि एक मोकळा सहकारी मिळू शकतो, त्याला छडीची गरजच पडत नाही. नियमबद्ध माराचा मध्यम मार्ग म्हणून जो सुचवला जातो, तो या कारणाने कागदावरच राहतो.

२०१० हे निर्णायक वर्ष. जुलैमध्ये सोलच्या एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाने सहावीच्या मुलाला केलेल्या मारहाणीचे चित्रीकरण बाहेर आले. नुकतेच निवडून आलेले सोलचे शिक्षणप्रमुख क्वाक नो-ह्योन यांनी शहरातल्या शाळांत माराला पूर्ण बंदी जाहीर केली आणि १ नोव्हेंबरपासून ती लागू केली. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या क्योंगगी प्रांतात तिथले शिक्षणप्रमुख किम सांग-गोन यांच्या पुढाकाराने देशातला पहिला विद्यार्थी हक्क अध्यादेश निघाला, ज्यात मारापासून संरक्षण होते आणि केस कसे राखावेत याचे स्वातंत्र्यही. मग मार्च २०११ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. वस्तूने किंवा शरीराच्या अवयवाने विद्यार्थ्याच्या शरीराला वेदना देता येणार नाहीत. शब्दयोजना मोठी धूर्त होती. शिक्षकाने हात लावायचा नाही, पण मुलाला मैदानाला पळवणे, जोर काढायला लावणे याला मंत्रालयाने वाट ठेवली आणि पुरोगामी शिक्षणप्रमुखांशी त्यावरून वादही घातला. छडी गेली. बराक उंबरठ्यावर उभी राहिली.

आणि छडीच्या जागी काय आले? सोलमध्ये 'आत्मचिंतन वर्ग' नावाच्या खोल्या काढल्या, जिथे वर्गात धुडगूस घालणाऱ्या मुलाला पाठवायचे. गुण आणि दंडगुण मोजायची पद्धत आली. समुपदेशनाची केंद्रे काही वर्षांपूर्वी सुरू झाली होती, ती वाढली. पण पन्नास वर्षे एका काठीने जे काम निभावले, ते करायला लागणारी माणसे आणि पैसा यांचा हिशेब कोणी मांडला नाही. शिक्षकाने काय करू नये हे कायद्याने नीट सांगितले. काय करावे, ते सांगायला आणखी बारा वर्षे लागली. त्यात २०१४ पासून बालछळाविरुद्धचा कडक कायदा आला. घरातल्या अमानुष प्रकरणांमुळे आलेला हा कायदा आवश्यकच होता. मात्र शाळेतल्या कुठल्याही रागावण्याला 'भावनिक छळ' ठरवून तक्रार करता येऊ लागली, आणि नुसत्या तक्रारीवर शिक्षकाला कामावरून बाजूला केले जाऊ लागले.

१८ जुलै २०२३ रोजी सोलच्या सोई प्राथमिक शाळेत नोकरीच्या जेमतेम दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका तरुण शिक्षिकेने आत्महत्या केली. पालकांच्या तक्रारींचा ताण तिच्यावर होता, असे सहकाऱ्यांचे म्हणणे. पोलिसांना गुन्हा आढळला नाही, तरी पुढच्या फेब्रुवारीत तिचा मृत्यू कर्तव्यावर असतानाचा मानला गेला. त्या उन्हाळ्यात दर शनिवारी देशभरातून काळे कपडे घातलेले शिक्षक सोलमध्ये जमत राहिले आणि ४ सप्टेंबरला त्यांनी सार्वजनिक शिक्षण थांबवण्याचा दिवस पाळला. छडीच्या समर्थकांसाठी ही संधी होती. राष्ट्राध्यक्ष यून सोक-योल यांच्या सरकारने विद्यार्थी हक्क अध्यादेशांवर ठपका ठेवला. मुलांना हक्क दिले म्हणून शिक्षकांचे गेले, हे गणित लोकांना पटण्यासारखे होते. ते चुकीचे आहे असे मला वाटते, आणि त्याची कारणे त्याच उन्हाळ्यात समोर होती. देशातल्या १७ प्रांत-महानगरांपैकी तेव्हा असा अध्यादेश होता फक्त सहांत. पण शिक्षकांची व्यथा सगळीकडची होती. सप्टेंबरमध्ये पालकांच्या तक्रारींनी खचून ज्या शिक्षिकेने जीव दिला, ती देजॉनची, आणि देजॉनमध्ये असा अध्यादेश कधीच नव्हता. दुसरे कारण आंदोलकांच्या मागण्यांत आहे. खोट्या तक्रारींपासून संरक्षण, तक्रारी एकट्या शिक्षकाऐवजी शाळेने हाताळणे, वर्ग उधळणाऱ्या मुलाला बाहेर नेण्याची सोय, या त्यांच्या मागण्या होत्या. आम्हाला छडी परत द्या, ही मागणी त्यांत नव्हती. ज्यांच्या हातून ती गेली असे म्हणतात, त्यांनाच ती नको होती, कारण छडीचा ज्या माणसांना दरारा वाटायचा ते पालक आता वकील घेऊन येतात.

२१ सप्टेंबर २०२३ ला संसदेने चार कायदे दुरुस्त केले. रास्त मार्गदर्शनाला छळ मानू नये आणि नुसत्या तक्रारीवर पदावरून दूर करू नये, हे त्यांचे सार. १ सप्टेंबरपासून लागू झालेल्या मंत्रालयाच्या सूचनेने शिक्षकाला फोन जप्त करण्याचा, मुलाला वर्गाबाहेर पाठवण्याचा आणि कोणाच्या जिवाला धोका असेल तर त्याला धरून ठेवण्याचा अधिकार दिला. राजकारण मात्र अध्यादेशांभोवतीच फिरत राहिले. एप्रिल २०२४ मध्ये दक्षिण चुंगचोंग प्रांत आणि सोल शहर इथल्या स्थानिक सभांनी आपापले अध्यादेश रद्द करायचा ठराव केला आणि सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही ठिकाणी त्याला तात्पुरती स्थगिती दिली. इकडे शाळांत वाद वेगळाच रंगला होता. वर्गाबाहेर काढलेल्या मुलाला कुठे न्यायचे, त्याच्यापाशी कोणी बसायचे, मुख्याध्यापकांनी की उपमुख्याध्यापकांनी, आणि जादा माणूस नेमायचा तर त्याचा पगार कोणत्या खात्यातून द्यायचा. सूचनेने हा तपशील प्रत्येक शाळेच्या नियमांवर सोपवला आणि सोबत निधी दिला नाही, अशी शिक्षक संघटनांची तक्रार होती.